अठराशे गिऱ्हाइकं आणि एक बटण

“महिपती, ह्याला हळद लावू तरी कुठं? सगळीकडं नुसती भोकंच हायत.”

तात्या देवकर हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभे होते आणि समोर आमचं मुख्य यंत्र हिरवे डोळे मिचकावत बसलं होतं. सांगलीहून येणारी इंटरनेटची जाड तार ह्या यंत्राच्या पाठीत शिरायची आणि तिथून फाटे फुटून चिंचणगावच्या अठराशे घरांत जायची.

“वरच्या अंगाला लावा, कपाळ तिकडंच हाय,” मी म्हणालो.

तात्यांनी दोन बोटं ओढली. मी झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला आणि अकराच्या ठोक्याला बटण दाबलं. हिरवे डोळे मिटले. आख्ख्या गावाचं नेट बंद; मोबाइलवर आमच्याकडं बोलण्यापुरतीच रेंज येते.

खंडेनवमी होती. आमचं चिंचणगाव म्हणजे मागांचं गाव. तीन हजार यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात. त्या खडखडाटामुळं आमच्याकडं कानगोष्ट सांगायची तरी पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी सांगतात, आणि कावळे ओरडायला शेजारच्या गावी जातात. खोटं वाटत असेल तर येऊन मोजा. पण खंडेनवमीला सगळं गप्प. माग धुऊनपुसून, माळ घालून बंद. पिठाची गिरणी बंद, लेथ बंद, शिंप्याचं मशीन बंद, न्हाव्याचा वस्तरासुद्धा पाटावर. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शीव ओलांडून आलं, आपट्याची पानं वाटली, की मग चालू. तात्यांनी दहा वर्षांपूर्वी नेट सुरू केलं तेव्हा हाच नियम यंत्राला लावला, आणि दहा वर्षांत एका माणसानं कधी विचारलं नाही की नेट का बंद. बंद असणारच की. खंडेनवमी आहे.

“आणि ह्या पाव्हण्याचं काय करायचं?” तात्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या पेटीकडं बोट दाखवलं.

ती पेटी आमची नव्हती. मुंबईच्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीची होती. ती कंपनी आमच्या ‘देवकर केबल अँड नेट’मधला एकावन्न टक्के हिस्सा विकत घेणार होती. घेण्याआधी त्यांनी आठवडाभराची परीक्षा लावली होती. आमच्या तारांतून किती माल वाहतो, किती वेळा तार तुटते, किती गिऱ्हाइकं बोंब मारतात, हे सगळं ती पेटी टिपून घ्यायची आणि आतल्या सिमकार्डावरून मेसेज करून तिथल्या तिथं मुंबईला कळवायची.

मी जरा विचार केला. “पाव्हण्याला हळदकुंकू लावू. बंद करायचं का न्हाई ते त्याचं त्यानं ठरवावं.”

“बरोबर. मुंबईतबी आज खंडेनवमीच हाय. त्यास्नी ठावं असणारच.”

तात्यांनी पेटीला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि चालूच ठेवली. मग त्या प्रामाणिक पेटीनं पुढचे तीस तास, एक सेकंदही न चुकवता, मुंबईला एकच गोष्ट कळवली: शून्य. शून्य. शून्य.

आता हा हिस्सा विकायचा प्रकार गावाला काय कळेना. आमच्याकडं म्हैस विकली तर सगळी विकतात. एकावन्न टक्के विकलेली म्हैस कुणी बघितली नव्हती. जो तो दुकानात येऊन विचारायचा. “आमची गल्ली एकावन्नात गेली का एकोणपन्नासात ऱ्हायली?” इंदूवहिनी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, त्यांनी तर एकदा चहा देता देता विचारलं, “मग ह्यांच्या खुर्चीवर अर्धं कोण बसणार?” मी सगळ्यांना समजावून सांगायचो आणि सांगता सांगता माझाच गोंधळ व्हायचा.

तात्यांना मात्र सगळं स्पष्ट होतं. मागल्या वर्षी त्यांच्या छातीवर सांगलीला मोठं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी शिडी चढू नका, ओरडू नका, काळजी करू नका असं सांगितलं होतं, आणि ह्या धंद्यात ह्या तीन गोष्टींशिवाय दुसरं कामच नसतं. शिवाय मोठ्या कंपन्या तालुक्यापर्यंत येऊन ठेपल्या होत्या. “त्यांच्यासंगं भांडायचं माझं वय गेलं,” तात्या म्हणायचे. “त्यांच्या मांडीला मांडी लावून बसू. आपली पोरं पक्क्या नोकरीला लागतील. दवाखाना, फंड, पेन्शन. बाराच्या बारा जणांचं कल्याण हुईल.”

बारा जण. त्यातला बारावा मी.

आणि फक्त मला माहीत होतं की ते बारा नाहीत, अकरा आहेत.

आमच्याकडं येणारं टपाल, कागद, ई-मेल सगळं मीच उघडायचो. परीक्षेच्या आधी मुंबईहून एक यादी आली होती. कुणाकुणाला कंपनी नोकरीवर घेणार, त्यांची नावं. शिडीवाला किसन होता, जोडणीवाला सलीम होता, बिलं वाटणारी शकुबाई होती. तिला सही येत नव्हती, पण बिल वाटणाऱ्याला शाळेचा कागद लागत नाही. ‘यंत्र विभाग’ ह्या मथळ्याखाली मात्र लिहिलं होतं, आयटीआय किंवा डिप्लोमा आवश्यक. तिथं नाव नव्हतं. जागा रिकामी.

मी नववी नापास. तात्यांच्या हाताखाली आधी टीव्ही दुरुस्त केले, मग केबल ओढली, मग हे यंत्र आलं तेव्हा त्याच्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून ते चालू केलं. बावीस वर्षं. यंत्राला बरं नसलं की मला आधी शिंका यायच्या, इतकी जवळीक होती. पण शिंकांचं सर्टिफिकेट कुणी देत नाही.

मी ती यादी तात्यांना दाखवली नाही. का नाही दाखवली? एक तर त्यांची छाती. दुसरं म्हणजे, दाखवली असती तर त्यांनी माझ्यासाठी मुंबईला हात जोडले असते, आणि ते मला बघवलं नसतं. तिसरं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. यादी घडी करून मी खिशात घातली आणि आठवडाभर ती खिशातच मळली.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून आलो, यंत्र चालू केलं, आणि सोमवारी सकाळी दारात मुंबईची गाडी उभी.

गाडीतून उतरल्या त्या केतकरबाई. मृणाल केतकर, कंपनीच्या तपासणी विभागाच्या. तिशीच्या आत-बाहेर, केस आखूड, हातात लॅपटॉप. पायरीवरच म्हणाल्या, “देवकर कोण?”

“मीच. या, बसा. च्या घ्या.”

“चहा नंतर. आधी हे बघा.” त्यांनी लॅपटॉप उघडून तात्यांच्या पुढं फिरवला. पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ होती. चार दिवस डोंगर, आणि मग एकदम सपाट माळरान. “गुरुवारी सकाळी अकरा ते शुक्रवारी संध्याकाळी पाच. तीस तास. काहीच नाही. काय झालं होतं?”

तात्या हसले. “खंडेनवमी.”

“म्हणजे?”

“म्हंजे खंडेनवमी, बाई. यंत्राची पूजा केली, बंद ठेवलं.”

केतकरबाईंनी माझ्याकडं बघितलं, जणू तात्या आजारी आहेत आणि मी तरी शुद्धीवर आहे. मी म्हणालो, “माग बंद, गिरणी बंद, मग नेट चालू ठेवून कसं चालंल? हत्यारच न्हवं का ते.”

“आमच्याकडेही खंडेनवमी असते,” त्या म्हणाल्या. “ऑफिसात कंप्युटरला हार घालतो, पेढा खातो आणि कामाला लागतो. बंद कोण करतं?”

“मग त्याला काय अर्थ ऱ्हायला?” तात्या अगदी मनापासून म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “देवकर, तीस तास बंद होतं ह्याचं मला काही वाटत नाही. भानगड वेगळीच आहे. ह्या तीस तासांत तुमच्याकडे तक्रारी किती आल्या?”

तात्यांनी तक्रारवही पुढं केली. गुरुवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘श्री.’ बाकी पान कोरं.

“एकही नाही. अठराशे गिऱ्हाइकांचं नेट तीस तास जातं आणि एकसुद्धा माणूस फोन करत नाही. मुंबईत एका इमारतीचं दहा मिनिटं गेलं तर आमच्या मुलींना रडवतात लोक. ह्याचा अर्थ आमच्या साहेबांनी काय काढला असेल?”

“काय?”

“की अठराशे गिऱ्हाइकं नाहीतच. कागदावरची आहेत. ह्या धंद्यात असं खूप जण करतात. हिस्सा विकायचा म्हणून मेलेल्यांची नावं घालतात, मतदार यादी उतरवून काढतात.”

तात्यांचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात कुणी त्यांना खोटारडं म्हटलं नव्हतं. तो मान गावात माझ्याकडं होता. “बाई, आमच्या गावात फिरा. घरोघर विचारा.”

“मला संध्याकाळी पाचच्या आत रिपोर्ट पाठवायचाय. अठराशे घरं कशी फिरू? आणि सण होता हे कारण रिपोर्टमध्ये चालत नाही. त्यांना काहीतरी दाखवावं लागेल. नाहीतर,” त्यांनी लॅपटॉप मिटला, “व्यवहार आज इथेच थांबतो. मला वाईट वाटतं, पण थांबतो.”

मी मागच्या खोलीच्या दारात उभा होतो. खरं सांगतो, माझ्या मनात लाडू फुटला. थांबतो! मी काही न करता थांबतो! तात्या नाराज होतील, चार दिवसांनी सावरतील, आणि मी माझ्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून शिंकत राहीन.

पण तात्या सोडायला तयार नव्हते. “बाई, तुमी त्या पेटीत आत्ता बघा की. आत्ता चालू हाय का न्हाई?”

बाईंनी पुन्हा लॅपटॉप उघडला. “हो, आत्ता तर भरपूर चालू दिसतंय.” त्या थांबल्या. भुवया वर गेल्या. “खरंच भरपूर आहे. सकाळच्या वेळेला एवढं... हं. मी साहेबांना एकदा फोन लावून बघते. कदाचित ऐकतील.”

त्यांनी फोन लावला. “सर, मी इथे प्रत्यक्ष बघतेय, वाहतूक चांगली आहे, अखंड आहे...”

त्या अखंड ह्या शब्दानं माझं डोकं फिरलं. घरात आलेली म्हैस पुन्हा बाजाराकडं वळत होती. मी मागं वळलो, खोलीत गेलो. यंत्र मजेत डोळे मिचकावत होतं, कपाळावर खंडेनवमीची हळद तशीच. मी मनात हिशेब केला तो एवढाच: ह्या क्षणाला, बाई फोनवर अखंड म्हणत असताना, तार गेली तर कोण हिस्सा घेईल?

आणि मी बटण बंद केलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बाहेर बाईंचा आवाज थबकला. “सर... एक मिनिट. गेलं वाटतं.”

मी घाम पुसत बाहेर आलो आणि कपाळाला हात लावून म्हणालो, “सांगलीकडूनच गेली लाइन! कायतरी मोठा बिघाड दिसतोय. आता संध्याकाळपतूर काय खरं न्हाई.”

तात्यांनी छातीवर हात ठेवला. ते बघून माझ्या लाडवाचा दगड झाला, पण मी तसाच उभा राहिलो.

आधी दुकानातला फोन वाजला. मग तात्यांचा मोबाइल. मग माझा. मग तिन्ही एकदम. पाचव्या मिनिटाला आमच्या गल्लीत माणसं शिरायला लागली. आमचे आप्पा जंगम, चाळीस मागांचे मालक, धोतराचा सोगा हातात धरून पळत आले. आप्पा पळताना गावानं त्याआधी फक्त पुराच्या साली बघितले होते.

“तात्या! सुरतेचा यापारी कापडाची डिजाइन दावत हुता, निम्मा मोर आला आन् निम्मा अडाकला! आता मागावर काय चढवू, मोराचं ढुंगाण?”

त्यांच्या मागं शिंदेंच्या घरचे सात जण. त्यांच्याकडं मुलगी बघायचा कार्यक्रम चालू होता. मुलगा दुबईला, पडद्यावरून बघत होता. मुलगी पोह्यांची बशी घेऊन समोर आली आणि नेमकं नेट गेलं. मुलगा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला. “चार मिनिटं आ वासून बसलाय,” मुलीची मावशी सांगत होती. “आमी म्हटलं, ह्यो पोरगा असाच हाय का काय. आमी तर नकार देऊन मोकळं झालो, आन् मग कळलं नेट गेलंय!”

एक जण अर्ध्या गालाला साबण लावलेला आला. त्याचं नेटशी काय काम होतं ते मला कळलं नाही. बहुतेक गर्दी बघून आला असावा. बघता बघता दोन-अडीचशे माणूस जमलं. मला विचाराल तर पाचशे. त्यांनी केतकरबाईंना घेरलं, कारण मुंबईची गाडी दारात उभी होती आणि गावानं निकाल लावला होता की हिस्सा घेणाऱ्यांनीच नेट बंद पाडलं.

“एकावन्न टक्के घेऊन सगळंच बंद केलं व्हय?”

“बाई, तुमच्या टक्क्यातलं बंद ठेवा, आमच्यातलं चालू करा!”

“अहो, मी काही केलं नाही! तुमचं नाव काय? तुमचं कनेक्शन आहे का?”

“हाय म्हंजे? सात वर्सं हाय! लिवा, जंगम, माळभाग, तिसरी गल्ली. आन् हेबी लिवा की तुमच्या कंपनीचं...” पुढचं आप्पांनी जे सांगितलं ते बाईंनी लिहिलं की नाही मला माहीत नाही, पण त्यांचं पेन थांबलं नाही. नाव, गल्ली, तक्रार. नाव, गल्ली, शिवी. पान उलटलं. फोन कानाला तसाच होता आणि मुंबईचे साहेब पलीकडून सगळं ऐकत होते.

माझा गोंधळ मात्र वाढत होता. मी नेट तोडलं होतं सौदा तुटावा म्हणून. ही बाई चिडायला हवी होती, गाडीत बसायला हवी होती. ती लिहीत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आधी भीती समजलो. नीट बघितलं तर ती चक्क हसत होती.

तेवढ्यात गर्दीतून नसीम पुढं आली. मागकामगार बशीर मुजावरांची थोरली. अंगात घरचे कपडे, हातात कागदांची फाइल.

“महिपामामा, नर्सच्या भरतीचा फॉर्म भरत हुते. आज बाराला बंद व्हतोय. सगळं भरलं, फोटू चढवला, आन् शेवटचं बटन दाबताना गेलं. कधी यील?”

“सांगलीकडनं गेलंय गं. संध्याकाळी.”

“बारालाच बंद व्हतोय, मामा.”

ती ओरडली नाही. बाकी सगळे ओरडत होते, ती फक्त माझ्याकडं बघत उभी राहिली. दुकानातल्या घड्याळात बाराला अकरा मिनिटं कमी होती. मी तिला सांगणार होतो की फॉर्मची मुदत वाढते, दर वेळी वाढते, मी स्वतः वाढवून घेतलेली आहे. थाप तयार होती, ओठापर्यंत आली होती. ती काही केल्या बाहेर येईना.

मी मागच्या खोलीत गेलो आणि बटण चालू केलं.

नसीम पळत गेली. मागोमाग गर्दी विरघळली. गल्लीत आप्पांची एक चप्पल तेवढी राहिली.

केतकरबाई थेट मागच्या खोलीत आल्या. काळ्या पेटीतून काहीतरी वाचलं, मग मुख्य यंत्राकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. माझ्या बोटाला हळद लागली होती.

“लाइन सांगलीहून गेली नव्हती,” त्या म्हणाल्या. “बटण इथून बंद झालं. नऊ मिनिटं.”

मी बोट सदऱ्याला पुसलं. तात्या दारात येऊन उभे राहिले.

“देवकर, तुम्ही सांगितलंत ह्यांना?”

“न्हाई, बाई. आईशप्पत.”

“मग ह्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलं.” त्या माझ्याकडं वळल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या माणसानं माझ्याकडं तसं बघितलं. “मी साहेबांना दोन दिवस समजावत बसले असते, ते ह्यांनी नऊ मिनिटांत दाखवलं. अडीचशे गिऱ्हाइकं दारात. साहेब म्हणाले, बस कर, कान दुखले, व्यवहार पक्का.” मग त्यांचा आवाज बदलला. “आणि हे सगळं ह्या माणसानं केलं, ज्याचं यादीत नावसुद्धा नाही.”

“कुठल्या यादीत?” तात्यांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिशातून घडी काढून दिली. तात्यांनी चष्मा लावला, यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

“किती दिस झालं तुला कळून?”

“झाला आठवडा.”

“आठवडाभर खिशात ठेवलीस? आन् तरी...” त्यांनी यंत्राकडं हात केला. त्यांनी मला मिठी मारली. ऑपरेशन झालेली ती छाती माझ्या छातीला लागली आणि आत कसं धडधडत होतं ते मला ऐकू आलं. त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. पण डॉक्टरांनी काळजी नको म्हटलं होतं. मी डॉक्टरांचं ऐकलं.

पुढच्या पंधरा दिवसांत मी संत झालो. महिपतीनं स्वतःच्या पोटावर पाय देऊन तात्यांची अब्रू वाचवली, अकरा घरं उभी केली. चहाचे पैसे घेईना कुणी. देवळात पुढची जागा. माझी बायको, जिनं पंचवीस वर्षांत माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, ती मला जेवताना वारा घालायला लागली.

सह्या व्हायच्या दिवशी दुकानापुढं मांडव टाकला होता. मुंबईहून चार साहेब आले, केतकरबाई आल्या. अकरा जण घरच्यांसकट नवे कपडे घालून बसले होते. किसनच्या बायकोनं पोराला कडेवर घेऊन पुढची जागा धरली होती. शकुबाई सही करायला शिकून आली होती. हातावर पेनानं चारदा नाव लिहून आणलं होतं, चुकलं तर बघायला.

तात्यांनी पेन उघडलं. मग बंद केलं.

“महिपतीचं नाव घाला,” ते म्हणाले.

मोठ्या साहेबांनी केतकरबाईंकडं बघितलं. बाई हळूच म्हणाल्या, “देवकर, मी खूप प्रयत्न केला. नियम आहे. यंत्र विभागाला कागद लागतो.”

“मग सही न्हाई.”

तात्या खुर्चीत मागं टेकून बसले. त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि हाताची घडी घातली. म्हातारा हट्टाला पेटला की गावातलं कुणी त्याला हलवत नसे.

आणि मला उमगलं, की जे मला हवं होतं तेच माझ्या पुढ्यात पडलंय. सौदा मोडत होता. मी बोट न उचलता मोडत होता. फक्त गप्प बसायचं. साहेब घड्याळ बघत होते. किसनची बायको माझ्याकडं बघत होती, शकुबाई हातावरचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून मूठ उघडी धरून बसली होती. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडलो तरी असतो.

मी उठलो.

“तात्या, माझं ऐका. मी त्या दिशी बटण बंद केलं ते तुमचा सौदा मोडायला.”

साहेब घड्याळ बघायचे थांबले.

“यादी बघितली आन् माझं टकुरं फिरलं. बाई फोनवर सगळं झ्याक हाय म्हणत हुत्या, म्हणून मी बंद केलं. बाई परत जाव्यात म्हणून. गिऱ्हाइकं दाखवायला न्हाई. मला काय ठावं माणसं येतील ते? संध्याकाळपतूर बंद ठेवणार हुतो. मी कसला त्याग केलाय? मी तुमच्या पाठीत सुरी घातली, तात्या. तवा माझ्यासाठी अडून बसू नका. सही करा.”

मांडवात फक्त पलीकडच्या गल्लीतले माग बोलत राहिले.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरत गेले, आणि एकाएकी ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी शेजारच्या साहेबांच्या मांडीवर थाप मारली.

“ऐकलं का सायब? ऐकलं का ह्याचं? बावीस वर्सं थापा मारतोय, पर अशी थाप न्हाई मारली कधी! माझा जीव अडकू नये म्हणून सवताला चोर ठरवतोय सगळ्यांम्होरं!”

“तात्या, आईशप्पत खरं हाय.”

“शप्पत बी घ्यायला लागला बघा!” मांडव हसला. आप्पा जंगमांनी उपरण्यानं डोळे पुसले. मागं बायकांत माझी बायको मोठ्यानं हुंदका देऊन म्हणाली, “असंच हाय बघा ह्यांचं. देवमाणूस.”

मी केतकरबाईंकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं आणि त्यांना सगळं कळलं होतं, हे मी त्यांच्या डोळ्यांत वाचलं. त्यांनी तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं आणि तात्यांच्या पुढ्यात कागद सरकवले.

“तू सांगतोस म्हणून करतो,” तात्या मला म्हणाले. “पर लक्षात ठेव, तुझ्याएवढा खोटारडा माणूस माझ्या उभ्या जल्मात झाला न्हाई.”

त्यांनी नऊ ठिकाणी सह्या केल्या. टाळ्या झाल्या. शकुबाईनं आपलं नाव न बघता लिहिलं. मोठ्या साहेबांनी मला शाल दिली, नारळ दिला. फोटो निघाला, तो अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत, मी एकटा जमिनीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाय आपोआप दुकानाकडं वळले. बावीस वर्षांची सवय. मागच्या खोलीच्या दाराला नवं कुलूप होतं, काचेचं काउंटर आलं होतं, आणि काउंटरमागं इस्त्रीच्या शर्टातला एक हसरा पोरगा. डिप्लोमावाला. आत यंत्र चालू होतं. त्याचा हिरवा उजेड दाराच्या फटीतून खाली फरशीवर लुकलुकत होता.

“या काका,” पोरगा अदबीनं म्हणाला आणि त्यानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “बोला, तक्रार काय आहे?”

मी पेन हातात घेतलं. बराच वेळ उभा राहिलो. माझ्या मागं तीन माणसं रांगेत होती. त्यातलं कुणी घाई केली नाही, कारण मी संत होतो. मी कागदावर नाव लिहिलं, गल्ली लिहिली, आणि पुढची ओळ तशीच कोरी ठेवून कागद त्याला परत दिला.

“नेट चांगलं चाललंय,” मी म्हणालो, आणि घरी आलो.